पकडसाहेबांचा ऑक्टोपस

"माणूस बाथरूममध्ये घसरतो, त्यात फरशीचा काडीचाही दोष नाही. दोष पायांचा आहे!" पकडसाहेबांनी फोनवर मुलीला ठणकावून सांगितलं. "पाल छताला उलटी चालते. तिच्या भुवईला कधी चार टाके पडलेले बघितलेस?"

"टाके तुम्हाला पडलेत बाबा, पालीला नाही. मी रविवारी फॉर्म घेऊन येतेय."

फॉर्म होता एका वृद्धनिवासाचा. तिथे बटण दाबलं की नर्स येते आणि रात्री नऊला दिवे मालवतात. साहेबांना आपले दिवे आपल्या हातांनी मालवायचे होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "अकराला ये. साबण ओतलेल्या फरशीवर मी तुझ्यासमोर चालून दाखवतो. बोटभर जरी घसरलो, तर मुकाट्याने सही! नाही घसरलो, तर फॉर्म फाडायचा आणि मी इथेच राहणार."

"चालेल. पण माझी अडीचची बस आहे. लांबण लावू नका."

पकडसाहेब हे नाव कारखान्यातलं. यंत्रावर लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडींची ड्रॉइंग काढण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. त्यांची पकड सुटली, असं एकदाही झालं नाही. पुढे निवृत्ती आली, मग बायको गेली, आणि दोन खोल्यांत ते आणि रेडिओ एवढेच उरले. तेव्हापासून त्यांनी प्राण्यांकडून शिकायला घेतलं. प्राणी निदान उलट प्रश्न विचारत नाहीत. वटवाघळाच्या पंखावरून त्यांनी छत्री बेतली. ती झकास उघडली, पण मिटेचना! चार महिने ती जिन्यात उभी होती. पेलिकनच्या चोचीवरून भाजीची पिशवी केली. तिने दोन किलो बटाटे गिळले ते गिळलेच. शेवटी तिला कात्रीने कापावं लागलं, तोवर बटाट्यांना कोंब आले होते.

आता पाळी ऑक्टोपसची होती. प्रत्येक बुटाच्या तळाला आठ रबरी वाट्या आणि प्रत्येक तळहाताला एक मोठी वाटी, मनगटाशी आणि घोट्याशी चामडी वादीने करकचून बांधलेली. कारखान्याचा नियम होता की भार असेल त्याच्या तिप्पट धरलं पाहिजे. साहेबांचं वजन बासष्ट किलो. वाट्यांनी एकशे शहाऐंशी किलो धरून दाखवले.

रविवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी रंगीत तालीम घेतली. फरशीवर साबणाचं पाणी ओतलं. उजवा पाय ठेवला. फच्च! डावा ठेवला. फच्च! डोंगर हलेल, पण साहेब हलणार नाहीत, अशी अवस्था झाली.

"वा!" ते स्वतःलाच म्हणाले आणि पुढचं पाऊल टाकायला गेले.

पाऊल पडेना. जोर यावा म्हणून त्यांनी डावा हात भिंतीला टेकवला. फच्च! तो सोडवायला उजवा टेकवला. फच्च! नऊ वाजून चौदा मिनिटांनी पकडसाहेब भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या शाळकरी पोरासारखे, आपल्याच बाथरूममध्ये चिकटून उभे होते.

हाका मारून झाल्या. ऐकणार कोण? शेजारचं बिऱ्हाड वर्षभर बंद. फोन बाहेरच्या खोलीत. तोंडासमोर फक्त एक गोष्ट लटकत होती, ती म्हणजे पाठ घासायचा लांब दांड्याचा ब्रश. त्यांनी तो दातांत धरला आणि सुतारपक्ष्यासारखा कोपऱ्यातल्या पाइपवर आपटला. ठक, ठक, ठक!

मग खालून पाइपमधूनच आवाज आला. ठक, ठक, ठक!

खाली दातांचे डॉक्टर राहत, दवाखानाही तिथेच. आठ वर्षांत दोघांत "लिफ्ट बंद आहे का?" यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. आणि आज उत्तर! त्यांनी चारदा ठोकलं. खालून चारदा आलं. दोनदा ठोकलं. लगेच दोनदा, आणि तेही जोरात! गेल्या दोन वर्षांत त्यांच्या कुठल्याच बोलण्याला कुणी इतक्या तत्परतेने उत्तर दिलं नव्हतं. दहाच्या सुमाराला तर आपल्याला मदत हवी आहे, हेही ते विसरले. नुसतेच ठोकत राहिले. दात दुखायला लागले, तरी थांबवेना.

बरोबर अकराला मुलीने आपल्या किल्लीने दार उघडलं.

"बाबा? भिंतीकडे तोंड करून काय करताय?"

साहेबांनी ब्रश तोंडातून टाकला. "चाचणी चालू आहे. नीट बघ. बोटभर तरी घसरलोय का?"

"तुम्ही हलू शकताय का?"

"तो आपल्या करारात मुद्दा नव्हता!"

मुलीने पर्स बाहेर ठेवली, ओढणी खोचली आणि त्यांना कमरेला धरून ओढलं. साहेब कण्हले, पण वाट्या ढिम्म. तेवढ्यात उघड्या दारातून खालचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन तरातरा आत आले.

"दोन तास! दोन तास ठोकताय तुम्ही! पेशंट आ करून बसलाय आणि माझा हात दर ठोक्याला उडतोय! गप्प बसा म्हणून मी किती वेळा उलट ठोकलं?"

साहेब भिंतीशीच बोलले. "गप्प बसा म्हणून?"

"मग काय गप्पा मारत होतो?"

मग डॉक्टरांना एकूण देखावा दिसला आणि त्यांचा चिमटा हळूच खाली आला. "ताई, ओढू नका," ते म्हणाले. "ओढून काहीच निघत नाही, बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा. आधी कडेने सैल करायचं." ते खाली जाऊन एक बारीक, वाकडी सळई घेऊन आले आणि एकेका वाटीची कड उचलून आत हवा सोडू लागले. फुस्स! फुस्स! अठराव्या फुस्सला साहेब मोकळे झाले आणि डॉक्टर पेशंटकडे पळाले.

"पाच वाजता बंद करतो दवाखाना," जाता जाता ते म्हणाले. "तोवर कशाला चिकटू नका."

साहेब गुडघ्यांवर चालत बाहेरच्या खोलीत आले आणि मुलीने कात्रीने बुटांच्या वाद्या कापल्या. डाव्या हाताची कापली. उजव्याला हात घालणार, तेवढ्यात तिला टेबलावरचं ड्रॉइंग दिसलं. सुबक, एकही रेघ पुसलेली नाही.

"बाबा, यात सोडवायचं काहीच दाखवलेलं नाही."

"ते माझ्याकडे नसायचं." साहेब घोटे चोळत होते. "मी धरायचं काढायचो. सोडवायची कळ समोरच्या टेबलावर निघायची. दोन्ही कागद एकावर एक ठेवले की ड्रॉइंग पुरं व्हायचं."

समोरच्या टेबलावर कोण बसायचं, हे मुलीला माहीत होतं. तिची आईच. साहेबांनी पुढे त्या टेबलावालीशीच लग्न केलं होतं. घरीही वाटणी तीच राहिली. राग त्यांनी धरायचा आणि आईने सोडवायचा.

मुलीने कात्री आपल्या बाजूला ठेवली. मग तिने पर्समधून फॉर्म काढला आणि टेबलाच्या काचेवर ठेवला.

"घसरला नाहीत, हे खरं. पण मी आज आले नसते तर, बाबा?"

"डॉक्टर आले असते."

"भांडायला!"

"आले तर असते," साहेब म्हणाले.

तिने पेन पुढे केलं. साहेबांनी फॉर्म वाचला. सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा. दोन वाजले. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि वाटीसकट फॉर्मवर टेकवला. कड काचेवर, कागद मधोमध. फच्च!

"बाबा! मुद्दाम केलंत?"

"छे! विसरलोच मी, या हाताची राहिली होती." साहेबांचा चेहरा निष्पाप होता. "आता डॉक्टर पाचला मोकळे होणार. तोवर सही नाही, फॉर्म नाही. तुझी बस जाणार बिचारी. बस तू, मी चहा टाकतो."

ते उठायला गेले आणि हाताला हिसका बसला. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की अडकलो आहोत ते आपण, आणि कात्रीपर्यंत हातही पोहोचत नाही. ती केव्हाही जाऊ शकते.

मुलीने घड्याळ बघितलं. पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. साहेब काचेकडे बघत बसले. काच चांगली पुसलेली होती, म्हणूनच पकड इतकी छान बसली होती.

मग पर्स पुन्हा खुर्चीवर पडल्याचा आवाज आला आणि पावलं स्वयंपाकघराकडे वळली. डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज आले.

"बाबा, साखर कुठे ठेवता हल्ली?"

"खालच्या फळीवर बघ," साहेब म्हणाले. "नीट शोध. सावकाश."

साखर वरच्या फळीवर होती.