बावीस मिनिटांचा व्हिडिओ

शुक्रवारी सकाळी सरावाला आल्या आल्या किरणने विचारलं, "मॅडम, व्हिडिओ पाठवणार होतात ना? मला काहीच आलं नाही."

मुलुंड लेपर्ड्सच्या कोच कमल गवाणकर यांनी मोबाइल काढला आणि त्या हळूच बाकावर बसल्या. व्हिडिओ गेला होता. पण आपल्या कप्तान किरणला नाही. यादीत तिच्याच खाली असलेल्या 'किरण कोच' या नावाला गेला होता. हे किरण सर बोरिवली ब्लेझर्सचे कोच, आणि रविवारी महिला बास्केटबॉल लीगची फायनल त्यांच्याशीच होती. व्हिडिओखाली दोन निळ्या खुणा होत्या. त्याखाली सरांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं.

कमलताई व्हिडिओवर फार जीव टाकायच्या. रोज संध्याकाळी त्या आणि व्हिडिओचं काम बघणारी शीतल कोर्टाच्या वरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून मॅच मागेपुढे करत राहायच्या. फायनलसाठी त्यांनी आपल्या पोरींच्या वर्षभरातल्या चुका एकत्र केल्या होत्या आणि त्यावर स्वतःच्या आवाजात बोलल्या होत्या. 'प्रांजलला देवाने डावा हात दिलाय, पण तिने तो अजून वापरलेला नाही. ती जाणार उजवीकडूनच.' 'दर्शना रिबाउंड घेतला की आजूबाजूला असं बघते, जणू तिला तिथे खोली भाड्याने घ्यायचीय.' 'किरणचे दोन नेम चुकले की ती हात मागे बांधून उभी राहते. प्रार्थना चाललीय का?' असं बावीस मिनिटं.

दर्शनाने सुचवलं की सरांना फोन करून व्हिडिओ पुसून टाकायला सांगावं.

"व्हिडिओ पुसतील गं," कमलताई म्हणाल्या, "डोक्यातलं कसं पुसणार?"

मग त्यांनी ठरवलं, व्हिडिओत जे जे दिसतं त्याच्या बरोब्बर उलट खेळायचं. हातात दोन दिवस होते. प्रांजलचा उजवा हात त्यांनी पट्ट्याने कमरेला बांधला आणि तिला तासन्‌तास डावीकडून बास्केटकडे पळवलं. जेवणही डाव्या हाताने. आमटी तिच्या टीशर्टवर आणि शेजारी बसलेल्या शीतलच्या ओढणीवरही पोचली. दर्शनाने बॉल हातात येताच न बघता फेकायची सवय लावली. पहिल्या दिवशी त्यातले दोन बॉल कमलताईंच्या खांद्यावर आले, तिसरा शीतलच्या लॅपटॉपवर. किरण दहा नेम चुकले तरी अकरावा मारत होती. शनिवारी दुपारपर्यंत पोरी दमून कोर्टवर आडव्या झाल्या होत्या, पण डोळे चमकत होते. समोरच्यांची कशी वाट लागेल, या विचारानेच सगळ्यांना हसू येत होतं.

रविवारी अंधेरीचा हॉल खच्चून भरला होता. ढोल वाजत होते. पहिलाच बॉल प्रांजलच्या हातात आला, ती डावीकडे झेपावली, आणि तिथे बोरिवलीची सात नंबरची मुलगी आधीच उभी होती. दुसऱ्या वेळीही तीच. दर्शनाने न बघता पास फेकला, तो मधल्यामध्ये पकडला गेला. किरणचे दोन नेम चुकले, तरी दोघीजणी तिला सोडून हलेनात. हाफटाइमला बोरिवली चौदा गुणांनी पुढे होती.

टीम खोलीत परतली. प्रांजल रडवेली झाली होती. शीतलने टॅब्लेट पुढे केला आणि पहिल्या हाफचा तुकडा लावला. कमलताईंनी तो तीनदा मागे नेला. चौथ्यांदा त्यांनी बोट टेकवलं.

"हे बघा. प्रांजलच्या हातात अजून बॉल आलेलाच नाही, आणि सात नंबर डावीकडे सरकलीसुद्धा. तिला आधीच माहितेय."

"कसं काय?" प्रांजलने विचारलं. "आपण तर उलट खेळतोय."

"का ते नंतर बघू. उजवी बाजू बघ, अख्खी मोकळी आहे. पोरींनो, दोन दिवसांत शिकलेलं सगळं विसरा. तुमच्या जुन्या चुका करा. अगदी मनापासून करा."

आणि त्यांनी त्या केल्या. प्रांजल उजवीकडून गेली, बास्केट. पुन्हा उजवीकडून, पुन्हा बास्केट. दर्शना रिबाउंड घेऊन निवांत आजूबाजूला बघत राहिली. पासची वाट अडवायला मुली तिला सोडून लांब धावल्या, तशी ती स्वतःच बॉल घेऊन निघाली. किरण हात मागे बांधून उभी राहिली, तरी दोघीजणी तिच्यापाशीच खिळलेल्या. चौदाचे सहा झाले, सहाचा एक. हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर चढले. शेवटचे चार सेकंद उरले असताना प्रांजलकडे बॉल आला. बोरिवलीच्या बाकावरून किरण सर ओरडत होते, उजवीकडे, उजवीकडे. पण सात नंबरचे पाय दोन दिवसांच्या सवयीने डावीकडे गेले. बॉल रिंगवर एकदा नाचला आणि आत पडला. अडुसष्ट-सदुसष्ट. शीतल टॅब्लेटसकट कमलताईंच्या गळ्यात पडली.

गर्दी जरा ओसरल्यावर किरण सर हात मिळवायला आले.

"मानलं मॅडम तुम्हाला," ते म्हणाले. "लीगमध्ये तुमच्याशी दोनदा खेळलो. प्रांजल उजवीकडूनच जाते, हे मलाही दिसलं होतं. पण तुम्ही स्वतःच व्हिडिओ पाठवलात, तेव्हा म्हटलं, स्वतःच्या टीमची खरी माहिती कोण पाठवेल? बाई वर्षभर पोरींना मुद्दाम चुकीचं खेळवतायत, फायनलला उलट करणार. दोन दिवस आम्ही उलट्याचाच सराव केला. आणि तुम्ही सरळ खेळलात. पहिला हाफसुद्धा मला गाफील ठेवायला दिलात ना?"

कमलताईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात टीमचे मालक दोन पत्रकारांना घेऊन पोचले. सरांनी त्यांना सगळी हकिगत रंगवून सांगितली. मालकांची छाती फुगली. प्रांजल आणि दर्शना एकमेकींकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या.

एका पत्रकाराने विचारलं, "मॅडम, एवढा धाडसी डाव सुचला कसा? आधी किती विचार केलात?"

कमलताईंना खोटं बोलता येत नसे.

"व्हिडिओ पाठवताना," त्या म्हणाल्या, "मी अजिबात विचार केला नाही."

सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. किरण सरांनी खिशातली छोटी वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.