थंड टाकीचं बटण

एका जंगलात, म्हणजे मोबाइलची रेंज जाते तिथून थोडं पुढे, शिंदीची पुष्कळ झाडं होती. मुलांनो, शिंदीला खाच पाडून खाली मडकं बांधलं की त्यात गोड रस जमतो. त्याला नीरा म्हणतात. पहाटे ती अमृतासारखी लागते. ऊन चढलं की आंबते. मग तिला ताडी म्हणतात, आणि पिणारे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

या जंगलात सुगंधा नावाची उदमांजर राहायची. चांगली शिकलेली होती, त्यामुळे सतत काळजीत असायची. तिला पहिलंच पिल्लू झालं होतं, चिकू. चिकूनं दूध सोडलं होतं आणि गोड नीरेशिवाय तो कशालाच तोंड लावत नव्हता. पण नीरा सोसायटीच्या रांगेत आधी रानडुकरं, मग अस्वलं, मग त्यांचे पाहुणे. सुगंधाचा नंबर लागेपर्यंत मडक्यात फेस आलेला असायचा. चिकू काडीसारखा झाला होता. सुगंधा रोज त्याच्या बरगड्या मोजायची आणि मोजताना चुकायची.

"अगं सुगंधे, पाज की ताडी," सासूबाई म्हणायच्या. "आमची सगळी पोरं ताडीवरच वाढली."

"हो ना आई. आणि झाडावरून पडलीसुद्धा."

"पडली. पण रडली का एक तरी?"

आपणच फार पुस्तकी झालोय का, असं सुगंधाला वाटायचं. मग ती पुन्हा बरगड्या मोजायला बसायची.

एकदा तिनं ऐकलं, की गावातल्या डेअरीनं दूध थंड ठेवायची जुनी टाकी विकायला काढलीय. स्टीलची, बंद झाकणाची, आत रवीसारखं फिरणारं पातं. दूध थंड राहतं तर नीरा का नाही राहणार? ती सोसायटीच्या सभेत उभी राहिली आणि चाचरत चाचरत बोलली.

चेअरमन तात्यासाहेब रानडुकरांनी जांभई दिली. "सुगंधाताई, एवढं उकडत असेल तर ओढ्यात बसा. टाकी कशाला?"

"नाही म्हणजे, टाकी आली तर तिचं उद्घाटनही करावं लागेल," सुगंधा पुटपुटली.

तात्यासाहेबांचे कान उभे राहिले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

टाकी दाखवायला डेअरीची म्हैस आली. "एकदम घरगुती वापर," तिनं शेपटी टाकीवर फिरवत सांगितलं. "दोनच गायींनी वापरलीय. त्याही शाकाहारी."

टाकीला आंबट दुधाचा वास येत होता. सुगंधानं रिठ्याच्या पाण्यानं ती घासली. वास गेला. आपल्याला नुसता गेल्यासारखा वाटतोय का, म्हणून तिनं परत घासली. माकडांनी गावच्या तारेवर आकडा टाकून वीज आणली. आता फक्त बटण दाबायचं राहिलं.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटेच माकडांनी मडकी उतरवून नीरा टाकीत ओतली. झाकण लावलं. बटणाला झेंडूची माळ घातली आणि सगळे वनराज वाघांची वाट बघत बसले.

सूर्य वर आला.

"साहेब निघालेत," कोल्हा म्हणाला. तो स्वागताध्यक्ष होता.

ऊन टाकीवर आलं.

"साहेब वाटेत आहेत," कोल्हा म्हणाला.

सुगंधानं टाकीला कान लावला. आतून बारीक बारीक बुडबुड ऐकू येत होती. चिकू तिच्या पोटाशी कुईकुई करत होता. ती तात्यासाहेबांपाशी गेली.

"तात्यासाहेब, बटण दाबूया का? थंड होत राहील. साहेब आले की फीत कापतील."

"आणि बटण कोण दाबणार मग? फोटोत काय फीत फीत दाखवायची?"

"पण नीरा आंबतेय."

"अहो, नीरा रोजच आंबते. साहेब रोज येतात का?"

सगळे हसले. सुगंधाही सवयीनं हसली. मग तिनं चिकूकडे पाहिलं. त्यानं कुईकुई करायचंही सोडून दिलं होतं. ती टाकीकडे गेली, माळ बाजूला सारली आणि बटण दाबलं.

टाकी गुरगुरली. पातं फिरलं. स्टीलवर गारव्याचा थर चढू लागला. सुगंधाला इतकं बरं वाटलं, की तिला लगेच भीती वाटली.

"बाईनं उद्घाटन केलं!" अस्वल ओरडलं.

"बंद करा आधी!" तात्यासाहेब धावत आले. "साहेबांना काय चालू टाकी चालू करायला लावणार?"

बटण बंद झालं. माळ पुन्हा नीट लावली गेली. सुगंधाला मागच्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी बसवलं.

"तुला मेलीला घाई फार," सासूबाई म्हणाल्या.

वनराज आले तेव्हा दुपार डोक्यावर होती. त्यांनी फीत कापली, माळ काढली, बटण दाबलं. टाकी गार झाल्यावर पहिला द्रोण त्यांना दिला. त्यांनी तोंड लावलं. डोळे मिटले. परत तोंड लावलं.

"वा!" ते म्हणाले. "ताडी पुष्कळ प्यालो. पण अशी गार ताडी? प्रगती प्रगती म्हणतात ती हीच."

टाळ्या कडाडल्या. मग जो तो द्रोण घेऊन धावला. तात्यासाहेबांनी सशाला मिठी मारली आणि त्याची जाहीर माफी मागितली. कशाबद्दल, ते दोघांनाही आठवेना. कोल्हा मायक्रोफोनमध्ये रडला. सासूबाई एक द्रोण चिकूच्या तोंडाशी घेऊन आल्या.

"गार आहे गं. आता तरी पाज."

सुगंधानं द्रोण उलटा केला. शिकल्यापासून पहिल्यांदाच तिनं कसलाही विचार केला नाही. सासूबाई बघत राहिल्या, मग सांडलेलं चाटायला बसल्या.

तशाच अवस्थेत तात्यासाहेबांनी तातडीची सभा घेतली. ठरलं असं, की टाकी रोज पहाटे भरायची, पण दुपारपर्यंत बटण दाबायचं नाही. आंबायला वेळ मिळाला पाहिजे.

"पण सकाळी कुणी चावटपणा केला तर?" अस्वलानं विचारलं आणि सुगंधाकडे पाहिलं. निदान तिच्या दिशेला पाहिलं.

"राखणदार नेमा," कोल्हा म्हणाला. "शुद्धीत राहणारा."

सभेनं आजूबाजूला पाहिलं. शुद्धीत एकच जण होती.

"सुगंधाताई," तात्यासाहेब झाडाला टेकत म्हणाले, "आजची चूक सुधारायची संधी देतोय. बटणाला कुणाचा हात लागता कामा नये. जमेल?"

"बघते," सुगंधा खाली मान घालून म्हणाली. "प्रयत्न करते."

दुसऱ्या दिवसापासून जंगल दुपारपर्यंत घोरायला लागलं. जेमतेम शुद्धीवर आलेली माकडं पहाटे टाकी भरत आणि पुन्हा लवंडत. मग सुगंधा चहूकडे पाहायची. आपलं चुकतंय का, हा विचार रोज मनात यायचा. ती त्याला थांब म्हणायची आणि बटण दाबायची. टाकी गुरगुरायची. चिकू गार, गोड नीरा पोटभर प्यायचा. त्यानं ढेकर दिली की ती बटण बंद करायची आणि पंजाचे ठसे पुसायची. पुढचं काम ऊन करायचं.

दुपारी तात्यासाहेब येऊन विचारायचे, "काय ताई, कुणी हात नाही ना लावला?"

"मी डोळ्यांत तेल घालून बघत होते हो," सुगंधा म्हणायची.

महिन्याभरात चिकूच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "बघा, शेवटी ताडीच मानवली पोराला."

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांनी बटणाला हात लावू नका म्हटलं, की मुळीच लावू नये. आधी त्यांना झोपू द्यावं.