पान दोनशे तेरा

पुस्तकांचा मोह मी एका सकाळी सोडला! पाच खोकी भरली, डोळ्यांत टिपूस नाही. सूनबाई दारातून बघत होती.

"बाबा, नक्की ना? मागाहून हळहळाल."

"हळहळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

संध्याकाळपर्यंत हळहळलो. आमच्या हिनं सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं घातली होती. मी नुसती जाडी बघून खोकी भरली आणि त्यांत मूलकणांच्या भौतिकशास्त्राचं ते गाजलेलं पाठ्यपुस्तकही वाचनालयात गेलं. तेही रशियन भाषांतर! मूळ पुस्तक तेव्हा मिळालंच नव्हतं. मला मूलकण कळत, रशियन नाही. हिला रशियन येई, मूलकण नाहीत. संसार टिकायला आणखी काय लागतं! रोज जेवणं उरकली की ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मराठी करून वाचायची, मी डोळे मिटून चिंतन करायचो. दोनशे तेराव्या पानापर्यंत आलो होतो. मग तीच गेली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय गाठून ते पुस्तक परत मागितलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "देणगी परत देता येत नाही हो, आजोबा. पण हे कुठल्या कपाटात लावायचं तेच कळेना. तुम्हाला रशियन येतं?"

'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण भिडस्त माणसाची मान तोंडापेक्षा चपळ असते. ती हलली!

"अगंबाई! मग शनिवारी सगळ्यांना थोडं मराठी करून वाचून दाखवा. नंतर तुम्हीच सांभाळा घरी. इथं कोण उघडणार आहे?"

शनिवारी फळ्यावर माझ्या नावापुढे 'रशियनतज्ज्ञ'! वीस खुर्च्या, वीसही भरलेल्या. पुस्तक उघडलं, अक्षरं उलट्या झुरळांसारखी. शेवटी डोळे मिटले, हिचा आवाज आठवला आणि तिनं वाचलेलं घडाघडा बोलत सुटलो. आठ पानं बिनचूक! नवव्या पानावर गाडी अडली. पुढचं काही केल्या आठवेना.

पहिल्या रांगेतले शिंपीकाका मदतीला धावले. "बघू कुठं अडलंय... अहो, इथं पेन्सिलीनं मराठीत लिहिलंय की! 'इथे स्वारी झोपली.'"

हशा! काका चेकाळले, पानं उलटू लागले.

"पान सतरा, 'इथेही.' पान चाळीस, 'घोरणं चालू. तरी मी चार पानं पुढे वाचली. विषय बरा आहे.'"

खुर्च्या गदगदत होत्या. मी मनातल्या मनात पुस्तकावर पाणी सोडलं.

"पान दोनशे तेरा," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज उतरला. "'आज स्वारी जागी. मीच दमले. उद्या इथून.'"

बाईंनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "न्या, आजोबा."

"पण मला रशियन..."

"ते कळलं सगळ्यांना."

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. दोनशे चौदावं पान उघडलं. दुपारभर बघत होतो. एक अक्षर कळलं नाही.

पण खरं सांगतो, डुलकीसुद्धा लागली नाही हो!