भुंग्याचा बंदोबस्त

"त्या भुंग्याचा असा बंदोबस्त करतो, की बाबा नाव काढतील!" जावयाने जेवता जेवता जाहीर केलं.

बायकोने त्याच्या पानात भात वाढला. लग्नाला सात वर्षं झाली, पण तिच्या वडिलांच्या तोंडून या माणसाबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. निघणार कसा? जावई पॉवर सप्लाय बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर, आणि सासरेबुवा ज्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष, त्याच्याच स्पीकरमधून सभाभर घुंऽऽ घुंऽऽ! "जावई विजेतला, आणि माझ्या भाषणात भुंगा," असं ते येईल त्याला ऐकवत.

भुंग्याचं कारण साधं होतं. भिंतीतून येणारी वीज हेलकावे खात येते, आणि ते हेलकावे शांत करायला कपॅसिटर लागतो.

"गच्चीवरची टाकी असते ना, तसा," त्याने बायकोला समजावलं. "बाहेर पाणी येवो, जावो, टाकी भरलेली असली की घरात धार एकसारखी!"

त्याने गणित मांडलं. उत्तर आलं बावीसशे मायक्रोफॅरड, म्हणजे अंगठ्याएवढा एक कपॅसिटर. सासरेबुवांची अटही तीच होती: टेबलावर पसारा नको, सगळं साबणाच्या डबीत मावलं पाहिजे. तिथेच थांबला असता तर काही बिघडलं नसतं! पण भुंगा चिमूटभर उरला तर? त्याने आकडा दुप्पट केला. मग सासरेबुवांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, म्हणून पुन्हा दुप्पट, आणि पुन्हा, आणि पुन्हा. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यानेच त्याला फैलावर घेतलं असतं! शेवटी औषधाच्या बाटलीएवढे चार कपॅसिटर बिस्किटांच्या डब्यात कोंबले. झाकण काही लागेना, तेव्हा त्यावर बायकोच्या केसांचं रबर चढवलं.

"ही साबणाची डबी?" बायकोने विचारलं.

"हत्तीची आहे असं समज!"

सभेच्या दिवशी डबा टेबलाखाली सरकवून त्याने बटण दाबलं. फट्! रिकाम्या टाकीने पहिलाच घोट एवढा मोठा घेतला, की फ्यूजच उडाला. घाम पुसत त्याने जाड फ्यूज बसवला, पुन्हा बटण दाबलं, आणि काय सांगावं! भुंगा गायब! सासरेबुवा जिन्यातल्या चपला या विषयावर पन्नास मिनिटं बोलले, आणि त्यांच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. खाली उतरताना त्यांनी डब्याकडे बघून "हं" केलं. जावयाचा जीव भांड्यात पडला.

त्याने बटण बंद केलं. लाल दिवा गेला. बायको टेबल आवरायला आली होती. माईकपाशीच उभं राहून त्याने तिला हळूच सांगितलं, "सुटलो बाई! चपलांवर पन्नास मिनिटं! यापेक्षा भुंगा परवडला!"

हॉलच्या चारही कोपऱ्यांतून त्याचाच आवाज दणदणला. दारापर्यंत गेलेली माणसं जागच्या जागी थांबली.

"अहो, बंद करा ते!" बायको म्हणाली. तेही सगळ्यांनी ऐकलं.

"बंदच आहे गं!"

त्याने प्लग उपसला. पण बाहेरचा नळ बंद करून काय उपयोग? आत टाकी तुडुंब!

"प्लग माझ्या हातात आहे, हा बघ!" स्पीकर ओरडला.

"मग बोलू नका ना!"

"मी कुठे बोलतोय?"

हॉलमध्ये हशा पिकला. हळूहळू स्पीकरचा आवाज घरघरला, बारीक झाला आणि एकदाचा गेला. गर्दीतून वाट काढत सासरेबुवा टेबलापाशी आले. जावयाची पाचावर धारण बसली. हातातला प्लग कुठे लपवावा तेही त्याला कळेना.

सासरेबुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदाच!

"जावईबापू, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "भुंगा अजिबात नाही. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला."