टर्बो गार होईपर्यंत

आमच्या गाडीचा टर्बो माझ्यापेक्षा जास्त जगणार, हे मी छातीठोकपणे सांगतो! लोकांचे टर्बो जातात, कारण लोकांना शिस्त नाही. मला आहे. म्हणजे इतर बाबतींत नाही. बायकोला विचाराल तर ती तासभर बोलेल. पण टर्बोच्या बाबतीत मी एकदम कडक!

ही शिस्त मला सासऱ्यांनी लावली. त्यांनी आपली डिझेल गाडी आम्हाला दिली, तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला होता, की लग्नात मुलगी देतानाही एवढा पडला नव्हता.

"जावईबापू, हिचा टर्बो जपा," किल्ली हातात घट्ट धरून ते म्हणाले. "सकाळी सुरू केली की लगेच दामटायची नाही, आधी तेल सगळीकडे पोचू द्यायचं. तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलायचे. आणि घरी पोचलात की इंजिन लगेच बंद करायचं नाही!"

"का?"

"अहो, टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो तापलेला असतो, भोवऱ्यासारखा गरगरत असतो. इंजिन बंद झालं की तेल थांबतं आणि आतल्या आत करपतं. म्हणून जरा थांबायचं. तो निवला की मग बंद करायचं. आणि एक सांगून ठेवतो, काही कुरबूर कानावर आली तर गाडी परत माझ्या दारात!"

गाडी परत जाणार, या कल्पनेनेच मी सगळ्याला मान डोलावली. बसला लोंबकळण्याचे दिवस मी अजून विसरलो नव्हतो.

पहिल्याच संध्याकाळी मी गाडी इमारतीखाली लावली आणि इंजिन चालू ठेवून जरा थांबलो. वर आमच्या खिडकीतून कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याचं भोकाड आणि "आधी गृहपाठ!" असं सगळं एकदमच ऐकू येत होतं. मी काच वर केली. आवाज बंद! एसीची गार झुळूक, इंजिनची मंद गुरगुर, आणि कुणी मला काहीही आणायला, सोलायला किंवा समजावायला सांगत नव्हतं. अहाहा! टर्बोला किती बरं वाटत असेल!

आता 'जरा' म्हणजे किती, हे सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. मी आपला सढळ हाताने धरत गेलो. पुढे सीट मागे कलती करून ठेवू लागलो, कारण वाकून बसलं की लक्ष लागत नाही. मग खाऱ्या शेंगदाण्यांची पुडीही आली. उपाशीपोटी कुठली सेवा घडत नाही, यंत्राची तर नाहीच नाही.

"अहो, गाडी दिसतेय खाली. तुम्ही कुठे आहात?" बायकोचा फोन यायचा.

"टर्बो गार करतोय. याच्यात घाई करून चालत नाही!"

सगळं सुरळीत चाललं असतं, पण तळमजल्यावर काकू राहतात. काकूंच्या पडद्याला एक फट आहे, आणि त्या फटीतून अख्खी इमारत दिसते. त्यांनी मला पाहिलं. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान आणि तोंड सारखं चालू!

"मला काय त्याचं," त्यांनी लिफ्टपाशी माझ्या बायकोला गाठलं, "पण तुझा नवरा रोज गाडीत बसून कुणाशी तरी बोलत असतो. आणि चेहरा काय गोड करतो गं! घरी नाही हो कधी तसा पाहिला!"

बायकोने आईला फोन केला, "हे घरी यायचं टाळतात." आईने बाबांना सांगितलं, "जावई घरी येत नाहीत." बाबांच्या कानावर गेलं तोपर्यंत मी संसार मोडून गाडीत राहायला गेलो होतो!

शनिवारी मी नेहमीसारखा टर्बोच्या सेवेत होतो. अचानक दार उघडलं आणि सासरे शेजारी येऊन बसले. मागच्या सीटवर सासूबाई आणि बायको. मला वाटलं, टर्बोची पाहणी करायला आलेत!

"बाबा, ऐका, कसा मऊ चाललाय!"

"कोण आहे ती?" मागून सासूबाई.

"कोण?"

"जिच्याशी रोज इथे बसून बोलता ती!"

"अहो आई, मी बोलत नाही! मी खातो!" मी पुडी उंच धरली. बायकोने त्या पुडीकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दुसरी बाई परवडली असती.

"वर येऊन भूक नाही म्हणता, आणि इथे एकटे शेंगदाणे?"

"अगं, टर्बो गार होईपर्यंत! बाबांनीच सांगितलंय. विचार त्यांना!"

सासरे खाकरले. "सांगितलं होतं खरं. एखादं मिनिट."

"एखादं मिनिट?" बायको ओरडली. "हे अर्धा अर्धा तास बसतात! आणि ऑफिसहून येताना सगळा रस्ता सिग्नलला उभे असता तुम्ही. मग टर्बो तापला कधी?"

मी भिजल्या मांजरासारखा बसून राहिलो. शेवटी सासऱ्यांनाच माझी दया आली.

"जाऊ दे गं पोरी. यंत्र म्हटलं की शिस्त आलीच. मीसुद्धा उमेदीच्या काळात रोज संध्याकाळी खालीच थांबायचो. गाडी पुरती निवली की मगच वर यायचो. विचार तुझ्या आईला!"

मागे सासूबाई सावरून बसल्या.

"अहो, पण तेव्हा तुमच्याकडे स्कूटर होती ना?"

सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघत बघत माझ्या पुडीतले मूठभर दाणे घेतले आणि सावकाश खाऊ लागले. समोर काकूंच्या पडद्याची फट चांगली हातभर रुंद झाली होती.

गाडी काही परत गेली नाही. टर्बोला खरी शिस्त हवी, असं म्हणून बायकोने किल्ली मात्र काढून घेतली. आता ती गाडीने तिच्या ऑफिसला जाते आणि मी बसला लोंबकळतो. तरी तिच्याआधी घरी पोचतो, कसा कोण जाणे. कुकर माझा, भोकाड माझं, गृहपाठही माझाच.

काल भाजी खाली लागली, थोरलीचं गणित चुकलं आणि धाकट्याने नाकात वाटाणा घातला, हे सगळं एकाच वेळी झालं. खिडकीतून पाहिलं तर गाडी खाली केव्हाची येऊन उभी! मी घाईघाईने फोन लावला.

"अगं, कुठे आहेस तू?"

"खालीच. टर्बो गार करतेय," पलीकडून शांत आवाज आला. "याच्यात घाई करून चालत नाही!"

आणि फोन ठेवता ठेवता मला स्पष्ट ऐकू आलं. कुरुम, कुरुम, कुरुम.