बर्फसाहेबांचा थंडगार गिअरबॉक्स

"थंड कसं ठेवायचं, हे मला शिकवायचं नाही!" बर्फसाहेबांनी गॅरेजच्या टेबलावर मूठ आपटली. नटबोल्टांची वाटी उलटी झाली.

बावीस वर्षं ते कोल्ड स्टोरेज सांभाळत होते. बटाटा असो की औषध, जे बिघडतं ते उष्णतेनेच, हा त्यांचा सिद्धांत. आणि त्यांच्याच ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स गेल्या महिन्यात भर रस्त्यात तापून बंद पडला होता! साडूने आपल्या सात सीटच्या डिझेल गाडीला दोर बांधून त्यांना ओढत सासऱ्यांच्या दारात नेलं. वर बायकोने निकाल दिला, "आता एकदा जरी ही रस्त्यात उभी राहिली, तर विकायची!"

मेकॅनिकने गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारे तीन कूलर मांडले. "मधला घ्या साहेब. याला व्हॉल्व्ह आहे. ऑइल जरा गरम झालं, की मगच ते कूलरकडे सोडतो."

"गरम झाल्यावर? म्हणजे आग लागल्यावर बंब बोलवायचा?"

"अहो, गिअरबॉक्सलाही थोडी ऊब लागते."

"ऊब म्हाताऱ्यांना लागते! तो सगळ्यात मोठा बसव. आणि व्हॉल्व्ह अजिबात नको!"

मोठा कूलर बसवायला पुढची जाळी कापावी लागली, हॉर्न सरकवावा लागला. दातांना तार लावलेल्या माणसासारखी गाडी दिसू लागली. साहेब मात्र तिच्याभोवती तीनदा फिरले आणि खूश झाले.

रविवारी सकाळी कडाक्याच्या थंडीत दोन्ही गाड्या सासऱ्यांकडे निघाल्या. साहेब अर्थातच पुढे. पण हायवेवर गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार होईना! इंजिन नुसतं किंचाळत होतं. बायकोने एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने मेकॅनिकला फोन लावून स्पीकर चालू केला.

"साहेब, ऑइल थंड आहे. ते गरम होईपर्यंत गाडीचा कॉम्प्युटर वरचे गिअर देणार नाही."

"थंड असणारच! त्यासाठीच तर कूलर बसवलाय!"

"मग थांबा आणि कूलरसमोर एक पुठ्ठा लावा. वारा अडेल."

"पुठ्ठा? माझ्या कूलरला?" साहेबांचा आवाज इंजिनच्या वर गेला. "त्या कॉम्प्युटरलाच अक्कल नाही! बंद कर गं तो फोन!"

तेवढ्यात साडूची गाडी शांतपणे बाजूने निघून गेली. मागच्या सीटवरून आजेसासूबाईंनी हात हलवला. साहेबांनी दात-ओठ खात ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन आणखी किंचाळलं आणि पेट्रोलचा काटा भराभर खाली येऊ लागला. पंप आला, पण "थांबायचं नाही म्हणजे नाही!" म्हणत साहेबांनी तो मागे टाकला. पुढच्या चार किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

बायकोने फोन केल्यावर अर्ध्या तासाने साडू पेट्रोलचा कॅन घेऊन परत आला. बायको पर्स उचलून सरळ त्याच्या गाडीत जाऊन बसली.

"अगं, हा अन्याय आहे!" साहेब खिडकीशी धावले. "पेट्रोल संपलंय फक्त! गिअरबॉक्सचा काही दोष नाही! हवं तर हात लावून बघ, थंडगार आहे!"

बायकोने काच वर करता करता म्हटलं, "हो का? मग गाडी विकत घ्यायला येईल त्याला नक्की सांगा."