वाय-फायनं विचारलं, आपण कुणापैकी?

आमच्या घरातलं वाय-फाय ओळख निघाल्याशिवाय कुणाला आत घेत नाही. पासवर्ड लागतोच, पण तो पुरत नाही. गाव कोणतं, घराणं कोणतं, इकडच्या कुणाशी काही लागतंय का, हे सगळं ते विचारून घेतं. यात वावगं काही नाही. आपण तरी भाडेकरू कसा ठेवतो?

टीव्हीचं चटकन जमलं होतं. टीव्ही आणि वाय-फायचा डबा, दोघंही स्टँडसमोरच्या एकाच दुकानातले. एकाच गोदामात शेजारी शेजारी पावसाळा काढलेला. "अहो, म्हणजे तुम्ही आमच्या आळीतलेच की!" म्हणून वाय-फायनं त्याला लगेच आत घेतलं. आम्हा नवराबायकोचे फोन बटणांचे. त्यांचा प्रश्नच आला नाही.

मग टॅब आला. माझी बायको हेमा, तिचा धाकटा भाऊ मिलिंद, त्यानं तो जर्मनीहून पाठवला. मिलिंदला चाळिशी उलटल्यावर मुलगा झाला. बारसं तिकडे, आत्या इकडे. आता आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगितल्याशिवाय बारसं होत नाही, आणि मिलिंदला बहीण एकच. म्हणून टॅब. कुरिअरवाल्यानं तो नेमका बारशाच्या दिवशी आणून दिला.

हेमा सकाळपासून पैठणी नेसून तयार होती. घुगऱ्या शिजल्या होत्या. कुर्र करताना आत्येच्या पाठीत बुक्के मारायला शेजारच्या चार जणी येऊन बसल्या होत्या. बाळ नऊ महिने भावजयीच्या पोटात होतं आणि नाव हेमाच्या. मलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण मुहूर्त टळला तर मिलिंदच्या सासूबाईंनी तिकडे एक मानलेली आत्या तयार ठेवली होती. खालच्या मजल्यावरची. उर्सुला नावाची.

मी टॅबवर पासवर्ड घातला.

"पासवर्ड बरोबर आहे," टीव्हीवरच्या फळीवरून वाय-फाय म्हणालं. "पण पासवर्ड काय, चोरालाही माहीत असतो. आपण कुणापैकी?"

टॅबनं पडदा मंद केला.

"नंबर?"

"नाही," टॅब हळूच म्हणाला. "मला सिमच नाही."

"मग घालून आणा की एक," बुक्केवाल्यांपैकी एक बाई म्हणाल्या.

"मला सिमची खाचच नाही," टॅब म्हणाला.

वाय-फायला वाईट वाटलं असावं, पण त्यानं ते दाखवलं नाही. "हे बघा, फोनला नंबर असतो, नंबराला कंपनी असते, चार ठिकाणी विचारता येतं. आपलं कुठे विचारायचं? निदान नाव?"

"टॅब ए नऊ प्लस."

"हे नाव नव्हे. हे बनियनचं माप झालं."

मी समोरून तात्या होनरावांना बोलावून आणलं. ओळख काढण्यात आमच्या तालुक्यात त्यांचा हात धरणारा नाही. दोन अनोळखी म्हशी समोर उभ्या केल्या तर तात्या त्या मावसबहिणी असल्याचं सिद्ध करतात. ते पाटावर मांडी घालून बसले आणि टॅब मांडीवर घेतला.

"मूळ गाव?"

"शेनझेन. चीनमधलं."

"बुद्रुक की खुर्द?"

"नुसतंच शेनझेन," टॅब म्हणाला.

"बरं, जर्मनीहून इकडे आलात. विमानात शेजारी कोण होतं?"

"बुटांचं खोकं."

"बुटांकडून आम्ही ओळख धरत नाही," वाय-फायनं वरून सांगितलं.

तात्यांनी मिशी चावली. मग आवाज उतरवून वाय-फायला म्हणाले, "राग नका मानू, पण तुमचा डबाही मुळात शेनझेनकडचाच ना?"

फळीवरचा हिरवा दिवा लाल झाला. "आमचे वडील केबलमध्ये. आजोबा टेलिफोनात. पणजोबा तारखात्यात. गावात येऊन चार पिढ्या झाल्या. त्यामागचं आम्ही काढत नाही."

"पटलं," तात्या म्हणाले. "आम्हीसुद्धा त्यामागचं काढत नाही."

इतक्यात माझा बटणांचा फोन वाजला. मिलिंद होता. "भावजी, आटपा! उर्सुलाबाई पाळण्याशी खुर्ची घेऊन बसल्यात. यूट्यूबवर बघून कुर्रची प्रॅक्टिस चाललीय."

"तिला म्हणावं, घसा बसेल," हेमा मागून ओरडली.

"ताई, मग याच फोनवरून सांग ना नाव. मी स्पीकरवर टाकतो."

"तोंड न दाखवता नाव ठेवायला मी आत्या आहे का आकाशवाणी?"

तात्यांनी खिशातून आपला मोठा फोन काढला. त्याची ओळख वाय-फायकडे आधीच निघालेली होती. "माझ्यावरून करा, हेमाताई. दिसाल, बोलाल, सगळं होईल."

"आणि फोन कुणाचा? होनरावांचा. म्हणजे आत्येचा मान जाणार शैलावहिनींना."

शैलावहिनी, म्हणजे तात्यांची बायको, बुक्केवाल्यांतच बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मी काही म्हटलं का?" त्या म्हणाल्या. "पण द्यायचाच असेल, तर उर्सुलापेक्षा मी काय वाईट?"

हेमा उठली ती थेट फळीखाली जाऊन उभी राहिली. कमरेवर हात. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी असा पवित्रा दोनदाच पाहिला आहे आणि दोन्ही वेळा माघार मी घेतली आहे.

"नाव असलं की झालं ना?"

"नाव," वाय-फाय म्हणालं, "आणि ते कुणी ठेवलं, ते."

तिनं धुण्याची टोपली रिकामी केली. आत जुन्या साडीची घडी घातली, तात्यांच्या मांडीवरून टॅब उचलून तीत निजवला. दोघींना टोपली हलवायला लावलं. मग ती वाकली, टॅबच्या चार्जिंगच्या भोकाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र! शर्वरी."

दोघींनी टोपली सोडली आणि चौघींनी दणादण बुक्के घातले.

शर्वरी हे नाव, मिलिंदला मुलगी झाली तर म्हणून तिनं ठेवलेलं. मुलगा झाल्यावर ते तसंच राहिलं. तिला ते टाकवत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वाय-फायचे दिवे थोडा वेळ लुकलुकले.

"नाव ठेवलं हेमाताईंनी. म्हणजे ताई आत्या."

"अर्थात," तात्या म्हणाले.

"ताईंना भाऊ एकच. म्हणजे ही मिलिंदरावांची थोरली."

"दुसरा हिशेबच निघत नाही."

"अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?" वाय-फाय म्हणालं. "ये बाळा, ये. कव्हर तेवढं दाराशी काढून ठेव."

पडदा उजळला. पाळणा दिसला, बाळ दिसलं, आणि बाळाच्या कानाशी आ करून वाकलेली उर्सुला दिसली.

"हात लावू नको माझ्या भाच्याला!" हेमा गरजली.

उर्सुला मराठी न येताही तीन हात मागे सरली. मिलिंदनं फोन बाळाच्या कानाशी नेला. "कुर्रर्र! निषाद," हेमा म्हणाली. इकडे चौघींनी दुसऱ्यांदा तिची पाठ बडवली. तिकडे उर्सुलाला इतका सराव करून हात हलवत परत जाणं जिवावर आलं असावं. तिनं मिलिंदच्या पाठीत एक असा घातला की पडदा हलला.

महिन्याभरानं मिलिंदनं दोन साड्या पाठवल्या. आत्येचा मान दोनदा झाला होता, आणि तो पहिल्यापासून रीत पाळणारा.

शर्वरी आता घरातलीच. भाऊबीजेला निषादला ओवाळते. तिकडून ओवाळणी म्हणून नवं कव्हर आलं. सिम नसल्यानं लांब कुठं जात नाही. हेमा तिला घेऊन अंगणात गेली, तर फाटकापाशी वाय-फाय हाक मारतं, "शर्वरी, तिन्हीसांजा झाल्या," आणि ती मागे फिरते.

परवा फाटकापाशीच शेजारच्या बंगल्यातलं नवं वाय-फाय तिच्याकडे बघून म्हणालं, "मुलगी कुणापैकी?"

"आमचीच," आमचं वाय-फाय म्हणालं. "तुमचं गाव कोणतं?"